सासूबाईंची ओळ

माझ्या सासऱ्यांना सासूबाईंचं नाव आठवेनासं झालं, ही गोष्ट आमच्या घरात कितीतरी दिवस कुणाच्या लक्षातच आली नाही. कारण ते नाव त्यांनी कधी घेतलेलंच नव्हतं. "अगं", "ऐकलंस का", आणि मुलांच्या देखत "तुमच्या आईला सांगा", एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार उत्तम चालला होता. सासूबाईंचं "अहो" तर इतकं हळू, की मिक्सर चालू असताना ते बाहेरच्या खोलीत कसं पोचायचं देव जाणे.

मी पुण्याची. माझी आई वडिलांना नावानं हाक मारते, आणि चिडली की आडनावानं. त्यामुळे लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा मला या प्रकाराची फार गंमत वाटायची. मी सासूबाईंना चिडवायचे, की मेळ्यात हरवलात तर लाउडस्पीकरवर काय पुकारायचं, "अहो, तुमची अगं इथे बसली आहे" असं? त्या म्हणायच्या, हे हात सोडतील तेव्हा हरवेन ना.

सासरे मूळचे ग्वाल्हेरचे. सगळी नोकरी इथल्या, भोपाळच्या मोठ्या कारखान्यात, टर्बाइनच्या विभागात इंजिनियर म्हणून झाली आणि निवृत्त झाल्यावर इंद्रपुरीतच घर घेऊन राहिले. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असते, आणि माझ्या पुणेरी मराठीला ते "रेडिओवरची बातमी" म्हणतात. मी आणि माझा नवरा शहरातच, पण शाहपुऱ्याला राहतो, कारण माझं ऑफिस तिथे आहे. मी डेटाबेसचं काम करते. शाळांची, दवाखान्यांची माहिती टेबलांमध्ये, म्हणजे तक्त्यांत भरणं आणि दुसऱ्यांनी चुकीची भरली असेल तर ती निस्तरणं, हे माझं काम. दुसराच भाग जास्त असतो, आणि त्यामुळे माझा स्वभाव तापट झाला आहे असं घरात सगळे म्हणतात. तो आधीपासूनच तसा होता.

सासरे किल्ल्या विसरायला लागले, एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारायला लागले, तेव्हा आम्ही त्यांना टी. टी. नगरच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी महिना विचारला, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. वजाबाकी सासऱ्यांनी डॉक्टरांच्या आधी केली आणि त्यांच्याकडे जरा दयेनं बघितलं. मग डॉक्टर म्हणाले, "पत्नी का नाम बताइए." सासरे खाली बघून हसले. सासूबाई लगेच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर साहब, हमारे यहाँ नाम नहीं लेते." डॉक्टर भला माणूस, तेही हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. आम्ही सगळेच हसलो. माझा नवरा तर म्हणाला, बाबा या वयात लाजले.

परत येताना गाडीत मागच्या सीटवर सासरे झोपून गेले. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लाजले नाहीत ते. त्यांना आलं नाही."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. नात्यातल्या एका डोहाळजेवणाला सगळ्यांनी आग्रह केला होता, काका नाव घ्या, उखाणा घ्या. सासऱ्यांनी उखाणा सुरू केला, नावाच्या जागेपर्यंत आले आणि हात धुवायच्या निमित्तानं उठून गेले. लोक हसले. सासूबाईंनी मात्र त्यांचा चेहरा बघितला होता. तेव्हापासून त्या एकट्याच हे ओझं घेऊन हिंडत होत्या. "बाकी सगळं विसरू देत," त्या म्हणाल्या. "कारखाना विसरू देत, घर विसरू देत. मी तेवढी राहिले पाहिजे." माझ्या नवऱ्यानं गाडी बाजूला लावली आणि बराच वेळ चालवलीच नाही.

डॉक्टरांना आम्ही फोन करून खरं काय ते सांगितलं. औषधं सुरू झाली. ते म्हणाले, गेलेलं परत आणायचं औषध माझ्याकडे नाही, पण त्यांना गुंतवून ठेवा. ज्यात नियम आहेत, क्रम आहे, असं काहीतरी करायला द्या. सुडोकू आणलं, ते त्यांना आवडलं नाही. "ह्याचं पुढे काय करायचं?" असं ते विचारायचे. त्यापेक्षा त्यांना माझ्या कामाची जुनी उत्सुकता होती. दिवसभर टेबलं भरून राहिलीस म्हणजे नेमकं काय करून राहिलीस, हे मला कितीदा विचारून झालं होतं आणि मीही कितीदा उडवाउडवी केली होती. एका रविवारी मी लॅपटॉप घेऊनच इंद्रपुरीला गेले.

मी दोन टेबलं केली. एकात घरं, दुसऱ्यात माणसं. प्रत्येक घराला मशीन आपोआप एक नंबर देतं, प्रत्येक माणसालाही. माणसाच्या ओळीत त्याचं नाव, तो ज्या घरचा त्या घराचा नंबर, आणि त्याच्या आईवडिलांचे नंबर. सासऱ्यांनी लगेच शंका काढली, की एवढे नंबर लक्षात कोण ठेवणार?

कुणीच नाही, मी म्हटलं. माणूस भरताना घराच्या नंबराच्या जागी आपण नंबर लिहायचाच नाही. तिथे कंस करायचा आणि कंसात एक छोटा प्रश्न लिहायचा: घरांच्या टेबलात ग्वाल्हेरचं जे घर आहे त्याचा नंबर काढ. मशीन आधी कंसातला प्रश्न सोडवतं, आलेलं उत्तर त्या जागी ठेवतं आणि मग ओळ भरतं. याला सबक्वेरी म्हणतात. वडिलांचंही तसंच, आईचंही तसंच.

त्यांनी स्क्रीनवरच्या कंसावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मतलब नंबर विसरला तरी चालतं. नातं माहीत पाहिजे."

"हो बाबा. नातं माहीत पाहिजे."

सासूबाई तिथेच मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

सासऱ्यांना हे काम विलक्षण आवडलं. आपल्या सगळ्या गोतावळ्याचं टेबल करायचं त्यांनी ठरवलं. ग्वाल्हेरचं घर भरलं, आजोबा भरले, आजी भरली, वडील, काका. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता यायचं नाही, पण चुलत आत्याचे यजमान कोणत्या खात्यात होते ते बिनचूक. चुकाही झकास व्हायच्या. आमच्याकडे आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव ठेवतात, तेव्हा एकेका घराण्यात एकाच नावाचे दोन पुरुष नेहमीच सापडतात. सासऱ्यांनी एका भाच्याच्या मुलाला भरताना कंसात वडिलांचं नाव टाकलं आणि मशीननं एरर दिला, की ओळी एकापेक्षा जास्त मिळाल्या, मी कोणती घेऊ? सासरे खूश झाले. मशीननं बरोबर विचारलं, माझ्या आईचाही ह्या दोघांत घोटाळा व्हायचा, म्हणाले. मग आम्ही कंसात त्या मुलाच्या आजोबांचंही नाव घातलं आणि माणूस सापडला.

एक चूक मात्र त्यांना सहन झाली नाही. इंदूरला दिलेल्या बहिणीला त्यांनी भरलं, पण इंदूरचं घर भरायचं राहून गेलं होतं. कंसातल्या प्रश्नाला उत्तरच सापडलं नाही. अशा वेळी मशीन काही बोलत नाही, त्या जागी रिकामं ठेवतं आणि ओळ भरून मोकळं होतं. पुढच्या रविवारी ते आमच्या लक्षात आलं, तोवर त्या इंदूरच्या आत्या बिनघराच्या बसून होत्या. सासरे असे भडकले की मला माझीच आठवण झाली. "चुकलं तर ओरडायला नको? आमच्या टर्बाइन शॉपमध्ये बेअरिंग गरम झालं तर घंटा वाजायची. हे काय, चुपचाप गायब?" मला डॉक्टरांची खोली आठवली. तिथेही घंटा वाजली नव्हती, आम्ही सगळे हसत बाहेर आलो होतो. मी त्यांना म्हटलं, अट घालता येते, की ही जागा रिकामी चालणार नाही. मग मशीन ओळ घेतच नाही. ते म्हणाले, घाल. नावाला पण घाल आणि घराला पण. बिननावाचं माणूस माझ्या टेबलात येता कामा नये.

अट मी घातली. आणि मग त्या अटीत ते स्वतःच अडकले.

कारण सगळं गोत भरून झालं आणि सासूबाई राहिल्या. त्यांच्याशिवाय मुलांना भरता येईना, आई कोण म्हणून कंसात विचारलं तर टेबलात ती असायला हवी. आईची जागा रिकामी ठेवायला मशीनची हरकत नव्हती, जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची तशी होती. पण सासरे ऐकेनात. "माझ्या मुलांना आई नव्हती असं लिहून ठेवू?" दर रविवारी ते बसायचे, ओळ सुरू करायचे, नावाच्या जागी दोन अवतरणचिन्हं टाकायचे आणि थांबायचे. त्या दोन चिन्हांच्या मधे कर्सर लुकलुकत राहायचा. मग ते म्हणायचे, चाय होऊन जाऊ दे एकदा, आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवायचे.

सासूबाईंचं आधार कार्ड कपाटात होतं आणि ते कुठल्या खणात आहे हे सासऱ्यांना ठाऊक होतं. एकदा ते कपाटापर्यंत गेलेही. दार उघडलं, उभे राहिले आणि एक रुमाल घेऊन परत आले. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला तुझं नाव काय म्हणून कसं विचारायचं, हे त्यांना कळत नव्हतं. मला त्यांची इतकी दया यायची की मी उगाचच कीबोर्डवर चिडायचे.

मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना म्हटलं, मी सांगून टाकते ना नाव, एवढं काय त्यात. त्यांनी गॅस बंद केला. "तू सांगू नकोस."

"अहो आई, सबक्वेरी म्हणजे तरी काय, शोधूनच आणायचं असतं."

"शोधू देत की. मी कुठे नाही म्हणते? पण माझ्याकडे बघून शोधू देत, कार्डाकडे बघून नको."

त्या रोज दुपारी सासऱ्यांच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसायच्या, काही न बोलता, दिसतील अशा. आणि रविवारी मी निघताना चपला घालत असले की हळूच विचारायच्या, "आज कोण कोण झालं?" मी नावं सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि मला डबा द्यायच्या.

असे बरेच रविवार गेले. एकदा सासरे पुन्हा त्या दोन चिन्हांपाशी थांबले होते आणि मी आमचं टेबल वरून खाली चाळत होते. चाळता चाळता माझं डोकं फिरलं. एवढ्या सुना आम्ही भरल्या होत्या, पण एकीचंही माहेर टेबलात नव्हतं. सासऱ्यांची आजी, आई, काकू, सगळ्यांचं घर ग्वाल्हेर. आमच्या सगळ्या वंशावळीत बाई लग्नाच्या दिवशीच जन्माला येते. मी सासऱ्यांना जरा जोरातच म्हटलं, "बाबा, नियम काय आहे? आधी घर, मग आईबाप, मग मूल. आईंना तुम्ही डायरेक्ट बायको म्हणून भरून राहिलात. त्यांचं घर कुठाय? त्यांचे आईवडील कुठायत?"

ते माझ्याकडे बघत राहिले. कारखान्यात कुणीतरी नेमका बिघाड दाखवल्यावर बघत असतील तसे. मग त्यांनी अर्धवट ओळ पुसली आणि घरांच्या टेबलात उज्जैन लिहिलं.

उज्जैनचं घर भरलं. मग माझ्या सासऱ्यांनी त्यांचे सासरे भरले. त्यांचं नाव पटकन आलं. ते शाळेत गणित शिकवायचे. मग त्यांच्या सासूबाई, मग मेव्हणा. भरता भरता ते बोलायला लागले, कितीतरी दिवसांत इतकं बोलले नव्हते. मुलगी बघायला गेले तेव्हा मास्तरांनी मुलीबद्दल काही सांगितलंच नाही, वाफेवर टर्बाइन फिरतं कसं तेच विचारत बसले. सासऱ्यांनी कागद मागून आकृती काढली. चहा थंडगार झाला. मुलीची आई आत कंटाळली आणि तिनं पोहे पाठवायला आतूनच मुलीला हाक मारली.

इथे ते थांबले आणि टाइप करायला लागले. नाव. घराच्या जागी कंस: उज्जैनचं घर. वडिलांच्या जागी कंस: गणिताचे मास्तर. आईच्या जागी कंस: जिनं हाक मारली ती. बटण दाबलं, आणि मशीननं सांगितलं, एक ओळ भरली.

मी नाव वाचलं. ते माझ्या सासूबाईंचं नाव नव्हतं. ते नाव त्या घरात मी कधी ऐकलेलंच नव्हतं, आणि माझा जीव थोडा थोडा झाला. मी तोंड उघडणार एवढ्यात सासऱ्यांनी मान वळवली आणि स्वयंपाकघराकडे बघून त्या नावानं मोठ्यानं हाक मारली.

"आले गं," आतून आवाज आला.

कणकेचे हात तसेच घेऊन सासूबाई दारात आल्या, आणि तिथे आल्यावर त्यांना कळलं, आपण कुणाला ओ दिली ते. त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. सासरे त्यांच्याकडे बघून हसत होते, सापडलेल्या माणसाकडे बघून हसावं तसे.

ते त्यांचं माहेरचं नाव होतं. लग्नात सासऱ्यांनी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं, ते स्वतः निवडलेलं. आधार, बँक, रेशन, सगळीकडे तेच. जुनं नाव आईवडिलांबरोबर आणि मग भावाबरोबर गेलं. सासऱ्यांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं होतं ते आतल्या खोलीतून, पोह्यांच्या वेळी. ते मी इथे लिहिणार नाही. सासूबाईंना ते बाहेर गेलेलं आवडणार नाही.

सासरे दुपारी झोपल्यावर मी विचारलं, कागदोपत्री नाव आहे तसं करून ठेवू का? एका ओळीचं काम आहे. त्यांनी पदरानं हात पुसले. डोळे भरून आले होते, पण आवाज अगदी ठीक होता. "ते ह्यांनी ठेवलेलं नाव. त्यांचं ते विसरले तर विसरू देत. हे माझ्या आईनं ठेवलेलं आहे. हे राहू दे."

संध्याकाळी सासऱ्यांनी मुलांना भरलं. आईच्या जागी कंस, कंसात तिचं नाव, तिचं घर, तिचे वडील. माझा नवरा मला न्यायला आला तेव्हा त्यानं स्वतःची ओळ बघितली. त्याला ते नाव माहीत होतं, पण मामा गेल्यापासून कानावर आलं नव्हतं. तो आत जाऊन आईजवळ बसला, आणि मी लॅपटॉप आवरला.

आता सासरे टाइप करत नाहीत. टेबल माझ्याकडे आहे, कधीमधी त्यांना दाखवते, ते पाहुण्यासारखे बघतात. सकाळी चहाच्या वेळी ते सासूबाईंना अदबीनं विचारतात, आपण कुणाकडच्या? त्या समोरची खुर्ची ओढून बसतात आणि सांगतात, उज्जैनच्या गणिताच्या मास्तरांची धाकटी मुलगी. कधी कधी त्यावरून त्यांना नाव येतं. मग ते त्या नावानं दिवसभर हाका मारतात आणि सासूबाई प्रत्येक हाकेला ओ देतात. कधी कधी येत नाही, आणि त्या सांगत नाहीत.

परवा मी तिथेच होते. नाव आलं नाही. सासूबाईंनी मास्तरांचं सांगितलं, पोह्यांचं सांगितलं, आतून आलेल्या हाकेचं सांगितलं. सासरे मन लावून ऐकत होते. मग जरा पुढे झुकले आणि संकोचून म्हणाले, "त्या मुलीचं कुठे जमलंय का?"

"जमलंय," सासूबाई म्हणाल्या. "मुलगा टर्बाइनमध्ये इंजिनियर आहे. भोपाळला."

सासऱ्यांनी विचार केला. "चांगलं स्थळ आहे. हो म्हणून टाका."

"म्हटलंय," सासूबाई म्हणाल्या.